मिकीच्या पंगतीला बसायचंय? नाशिकहून निघण्याआधी हे वाचून घ्या

ऑर्लँडोचं ठरलं की सल्ल्यांना तोटा नसतो. न्यू जर्सीतला भाचा सांगतो, इंदिरानगरची मैत्रीण सांगते, सोसायटीतले काका सांगतात : मिकीबरोबर ब्रेकफास्ट जरूर करा, सहा महिने आधी बुकिंग करा, बफे असतो, भरपेट जेवा. सल्ला मनापासूनचा असतो, पण तो २०१८-१९ चा असेल तर त्यातला निम्मा आता लागू पडत नाही. बुकिंगची मुदत बदलली, रद्द करायचा नियम बदलला, काही ठिकाणी पात्रं बदलली, आणि मधल्या दोन वर्षांत तर मिकी टेबलाजवळ यायचाही बंद झाला होता. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितोय. मुख्यतः फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डबद्दल, कारण कॅरेक्टर डायनिंगचं सर्वांत मोठं प्रस्थ तिथेच आहे. हाँगकाँगबद्दल पुढे थोडक्यात.

मुळात हे काय असतं

तुम्ही टेबलावर जेवत बसता आणि मिकी, मिनी, गूफी, पूह किंवा एखादी राजकन्या टेबलाटेबलावरून फिरत तुमच्याजवळ येते. मुलांना जवळ घेते, सही देते, फोटो काढू देते आणि पुढच्या टेबलाकडे जाते. जेवण ठरावीक दराचं असतं, मागवलेल्या पदार्थांप्रमाणे नाही. ३ ते ९ वर्षांच्या मुलांना मुलांचा दर, १० पासून पुढे मोठ्यांचा, ३ वर्षांखालच्यांना पैसे नाहीत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जेवण म्हणून हा सौदा महागच आहे. ब्रेकफास्टलासुद्धा मोठ्या माणसाचे अंदाजे ५० डॉलर धरून चाला, सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या रेस्टॉरंटमध्ये त्याहून बरेच जास्त. तेवढ्या पैशांत मिळतं काय, तर पार्कमधल्या उन्हात मिकीच्या रांगेत, नंतर मिनीच्या, नंतर डोनाल्डच्या रांगेत उभं राहण्याचा वेळ वाचतो. एसीत बसून तास-दीड तासात चार पात्रं भेटतात. मुलांना पात्रांचं फारसं कौतुक नसेल, त्यांना राईडच हव्या असतील, तर हा खर्च करूच नका. खरं तर हे आधी मुलांना विचारायला हवं, पण आपल्याकडे तिकिटं काढून झाल्यावर विचारतात.

जुना सल्ला कुठे चुकतो

मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं आणि जुलै २०२० मध्ये टप्प्याटप्प्याने उघडलं. उघडलं तेव्हा कॅरेक्टर डायनिंग थोड्याच ठिकाणी होतं आणि तेही लांबून : पात्रं हॉलमधून हात हलवत जायची, टेबलाला खेटून उभी राहायची नाहीत. बफे बंद होते, सगळ्या टेबलाचं जेवण ताटांतून येई. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कमध्ये पात्रांना पुन्हा जवळ घेता येऊ लागलं ते १८ एप्रिल २०२२ पासून. 'शेफ मिकीज'चा बफे परतला २०२३ मध्ये. त्यामुळे २०२१ मध्ये जाऊन आलेला माणूस "काही अर्थ नाही, लांबूनच टाटा करतात" म्हणाला तर तोही त्याच्या जागी बरोबर आहे, फक्त ते चित्र आता राहिलेलं नाही.

बुकिंग पूर्वी १८० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी. रद्द करायला पूर्वी आदला दिवस गाठावा लागे, आता बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. न कळवता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापले जातात.

पात्रंही बदलतात, आणि नवख्यांचा सगळ्यांत मोठा हिरमोड इथेच होतो. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातलं '१९०० पार्क फेअर' घ्या. पूर्वी तिथे सकाळी मेरी पॉपिन्स, अ‍ॅलिस आणि पूह, तर रात्री सिंड्रेला आणि तिच्या त्या दोन खाष्ट सावत्र बहिणी असत. बहिणी टेबलावर येऊन मोठ्यांची टिंगल करायच्या आणि मुलांपेक्षा आईबापच जास्त हसायचे. २०२० पासून ते बंद होतं, एप्रिल २०२४ मध्ये उघडलं तेव्हा सिंड्रेला तेवढी राहिली आणि तिच्या जोडीला टियाना, अलादीन आणि मिराबेल आले. रेस्टॉरंट तेच, नाव तेच, पण बहिणींना भेटायला गेलेल्याची निराशा ठरलेली. पॉलिनेशियन हॉटेलातल्या 'ओहाना'चा ब्रेकफास्ट २०२१ मध्ये सुरू झाला तो पात्रांशिवाय, लिलो आणि स्टिच तिथे परतले २०२२ मध्ये. म्हणजे रेस्टॉरंट उघडलं आणि पात्रं परतली या दोन वेगळ्या बातम्या असू शकतात.

पहिलं पाऊल : आधी पात्र ठरवा, मग रेस्टॉरंट

मुलाला नेमकं कोण भेटायला हवंय, ते एका वाक्यात लिहून ठेवा. 'मिकी' असेल तर 'शेफ मिकीज' हा सरळ पर्याय. ते कंटेम्पररी हॉटेलात आहे, आणि मोनोरेल त्या इमारतीच्या पोटातून, जेवणाऱ्यांच्या डोक्यावरून जाते. गाडीवेड्या मुलांचं लक्ष मिकीपेक्षा तिकडेच जास्त जाईल. मिकी हवाय पण गोंगाट नको असेल तर रिव्हिएरा हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरचं 'टोपोलिनोज टेरेस' बघा. तिथे मिकी चित्रकार, मिनी कवयित्री, डोनाल्ड शिल्पकार आणि डेझी नर्तिका होऊन येतात. जेवणाची चवही माझ्या मते तिथेच सगळ्यांत बरी.

पूह आणि टिगर हवे असतील तर मॅजिक किंगडम या पार्कमधलं 'क्रिस्टल पॅलेस'. चिप आणि डेल हवे असतील तर एपकॉट या पार्कमधलं 'गार्डन ग्रिल', जिथे अख्खं रेस्टॉरंट हळूहळू गोल फिरतं आणि खाली शेतांचे, वाळवंटाचे देखावे बदलत जातात. सफारीच्या वेशातला डोनाल्ड अ‍ॅनिमल किंगडम पार्कच्या 'टस्कर हाउस'मध्ये. हिमगौरी आणि बुटके हवे असतील तर वाइल्डरनेस लॉजमधलं 'आर्टिस्ट पॉइंट'. तिथली दुष्ट राणी टेबलावर येत नाही बरं का. तिच्या दरबारात तुम्हालाच जावं लागतं, आणि ती ज्या तोऱ्यात वागते त्यावर ते शोभतंही.

राजकन्यांसाठी सिंड्रेलाचा किल्ला किंवा एपकॉटच्या नॉर्वे विभागातलं 'आकर्सहुस'. कोणत्या राजकन्या असतील याची हमी कुणीच देत नाही. "फक्त एरियलच पाहिजे" असा हट्ट असलेल्या मुलीला तसा शब्द देऊन ठेवू नका, "राजकन्या भेटतील" एवढंच सांगा.

दुसरं : कोणत्या वेळेचं जेवण, हे दोनदा बघा

इथे सगळ्यांत जास्त लोक फसतात. 'टोपोलिनोज टेरेस'ला पात्रं फक्त ब्रेकफास्टला असतात, रात्री तेच ठिकाण महागडं आणि शांत जेवणाचं होतं. 'ओहाना'ला लिलो-स्टिच सकाळीच. बीच क्लब हॉटेलातलं 'केप मे कॅफे' सकाळी मिनी-गूफीचं, रात्री माशांच्या बफेचं, तेव्हा एकही पात्र नाही. बुकिंग करताना नाव बरोबर असतं, वेळ चुकते, आणि मुलगी राजकन्येचा फ्रॉक घालून रात्री माशांच्या बफेसमोर उभी राहते. म्हणून बुकिंगच्या पानावर त्या विशिष्ट जेवणाच्या वर्णनात पात्रांचा उल्लेख आहे का ते वाचा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

आपल्यासाठी आणखी एक हिशेब. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. मुंबईहून गेलेली मुलं पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनलाच टक्क जागी होतात आणि संध्याकाळी सहाला जिथे बसतील तिथे झोपतात. त्या दिवसांत रात्रीचं कॅरेक्टर डिनर घेतलं तर मिकी येईल तेव्हा मूल आजीच्या मांडीवर घोरत असेल. पहिल्या दिवसांत सकाळचा सगळ्यांत लवकरचा वेळ घ्या, तो आपल्याला आपोआप जमतो. पुढच्या दिवसांत ब्रेकफास्टचा शेवटचा वेळ घेतला, साधारण साडेदहाच्या आसपासचा, तर तोच दुपारच्या जेवणाचंही काम करतो आणि एका जेवणाचे पैसे वाचतात.

तिसरं : तिकिटाचा विचार

पार्कच्या आतल्या रेस्टॉरंटला त्या दिवसाचं पार्कचं तिकीट लागतंच. हॉटेलांतल्या रेस्टॉरंटना लागत नाही. 'शेफ मिकीज', 'टोपोलिनोज', '१९०० पार्क फेअर', 'ओहाना', 'केप मे', 'आर्टिस्ट पॉइंट' ही सगळी हॉटेलांत आहेत. म्हणून ज्या दिवशी पार्कला जायचं नाही, विश्रांतीचा किंवा पोहायचा दिवस आहे, त्या दिवशी ही घ्या. महागड्या तिकिटाचा दीड तास जेवणात घालवण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं. पार्कमधून जायचंच असेल तर मॅजिक किंगडमहून कंटेम्पररी चालत दहा मिनिटांवर आहे, ग्रँड फ्लोरिडियनला मोनोरेल जाते, वाइल्डरनेस लॉजला बोट, आणि एपकॉटहून रिव्हिएराला रोपवे. तरी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

चौथं : बुकिंग, दुपारी साडेतीन वाजता

कॉलेज रोडवर रविवारी रात्री जाऊन नाव लिहायचं आणि बाहेर गप्पा मारत नंबर लागायची वाट बघायची, हा आपला रिवाज. तो तिथे चालत नाही. बिनबुकिंगच्या लोकांसाठी अ‍ॅपवर एक यादी असते, पण कॅरेक्टर डायनिंगच्या बाबतीत तिच्या भरवशावर राहू नये.

ऑनलाइन बुकिंग तिथल्या सकाळी ६ वाजता उघडतं. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन असतात, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, हा फरक त्यामुळे. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट बघावं, कारण १० मेचं बुकिंग ११ मार्चला उघडतं आणि ती तारीख नेमकी बदलाच्या आसपास येते. नाताळात जाणाऱ्यांना असा प्रश्न नाही, २५ डिसेंबरचं बुकिंग २६ ऑक्टोबरला, साडेतीनलाच. अमेरिकेत राहणाऱ्यांना यासाठी पहाटे उठावं लागतं. आपल्याला दुपारचा चहा टाकायचा आणि मोबाइल घेऊन बसायचं. भाच्याला त्रास देऊ नका, तुम्हीच करा.

डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मोजायचे, आणि त्याच वेळी पुढच्या दहा दिवसांपर्यंतचं बुकिंग करता येतं. बाहेरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना प्रत्येक दिवसाचं त्या-त्या तारखेला करावं लागतं. त्यामुळे मिळायला कठीण ठिकाण, म्हणजे सिंड्रेलाचा किल्ला किंवा 'टोपोलिनोज', मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत ठेवा. त्या तारखा बाहेरच्यांसाठी अजून उघडलेल्याच नसतात, स्पर्धा कमी असते.

कार्डाची तयारी आदल्या दिवशी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून आपल्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादा ठरवा. तिथल्या साइटवर बरेचदा ओटीपी येत नाही, म्हणून मर्यादा बेताचीच ठेवा. साध्या बुकिंगला कार्ड फक्त नोंदवलं जातं, पैसे लगेच कापले जात नाहीत. व्हिसा हातात नसतानाही बुकिंग करून ठेवता येतं ते यामुळेच. व्हिसा नाही आला तर रद्द करा. काही ठिकाणी आगाऊ पैसे मागतात, ते पान पुढे ढकलण्याआधी वाचा.

पहिल्या दिवशी मिळालं नाही तरी हातपाय गाळू नका. दोन तास आधीपर्यंत रद्द करता येत असल्याने लोक शेवटपर्यंत तीन-तीन बुकिंग धरून बसतात आणि आदल्या रात्री सोडतात. जेवणाच्या आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी सकाळी अ‍ॅप उघडून बघत राहा. सहा जणांचं टेबल मिळत नसेल तर चार आणि दोन असं शोधून बघा, आणि तिथे पोचल्यावर शेजारी बसवण्याची विनंती करा. बसवतीलच असं नाही, पण विचारायला काय जातं.

खाण्याचं काय

शाकाहारी मंडळींनी घाबरून घरून ठेपले-चिवडा घेऊन जायची गरज नाही. अर्थात प्रवासात चिवडा हवाच, तो भाग वेगळा. २०१९ पासून डिस्नेच्या मेनूत वनस्पतीजन्य पदार्थांसमोर हिरव्या पानाची खूण असते, आणि त्या खुणेचा अर्थ मांस तर नाहीच, दूध, अंडं आणि मधही नाही. आपल्या अर्थाने शाकाहारी माणसाला हे पुरेसं आहे, पण खूण नसलेल्या प्रत्येक पदार्थाबद्दल विचारा. मिकीच्या आकाराचे वॉफल आणि पॅनकेक यांत अंडं असतं असंच धरून चाला. मार्शमेलोत जिलेटिन असतं. सूप दिसायला भाज्यांचं असलं तरी पाणी चिकनचं असू शकतं.

जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बुकिंगमध्ये तशी नोंद करावी आणि टेबलावर बसल्याबरोबर सर्व्हरला सांगावं. "वी आर जैन" एवढं बोलून भागत नाही. काय-काय चालत नाही ते एकेक करून सांगा : कांदा, लसूण, बटाटा, अंडं. शेफशी बोलायची इच्छा असल्याचं सांगितलं तर बहुतेक वेळा शेफ स्वतः टेबलावर येतो आणि आतून वेगळं बनवून देतो. वीस मिनिटं जास्त लागतात. बफे असेल तर शेफ एकेका भांड्यापाशी नेऊन काय चालेल ते दाखवतो, त्याचा फायदा घ्या.

आणि शेवटी भारतीय चवीचंच काहीतरी हवं झालं, तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'मध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं. तिथे मिकी नसतो, पण खिडकीबाहेर जिराफ असतात. आजी-आजोबांना बहुधा हेच जास्त आवडेल.

प्रत्यक्ष टेबलावर

पंधरा मिनिटं आधी पोचा. बसल्यावर सर्व्हरला विचारा : आज कोण-कोण आहे, आणि आमच्याकडे कोण आधी येईल? ते सांगतात. बफे असेल तर सगळ्यांनी एकदम ताटं घेऊन उठू नका. दोघं जण जा, दोघं थांबा. पात्रं क्रमाने फिरतात, तुमचं टेबल रिकामं दिसलं तर पुढे जातात. कोणी राहून गेलंच तर गप्प बसू नका, सर्व्हरला किंवा पात्राबरोबर फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा. परत आणतात.

सहीची वही आणि जाडसर पेन न्या. मिकीच्या हातमोज्यातल्या फुगीर बोटांत आपलं साधं बॉलपेन धरलंच जात नाही. कुठे सही करायची ते पान आधीच उघडून ठेवा, नाहीतर पान शोधण्यातच भेटीचं मिनिट संपतं.

इंग्रजीची चिंता करणाऱ्या पालकांसाठी एक चांगली बातमी. मिकी, मिनी, गूफी, पूह, स्टिच हे बोलतच नाहीत. सगळं हातवाऱ्यांनी चालतं. मराठी शाळेतलं मूल आणि टेक्सासमधलं मूल इथे अगदी सारखं. बोलतात त्या राजकन्या, अलादीन, मिराबेल वगैरे. त्यांच्यासाठी मुलांकडून एखादा प्रश्न पाठ करून घ्या, म्हणजे सिंड्रेलाला "तुमचा उंदीर कुठे आहे?" असं काहीतरी. नुसत्या "हाय"वर भेट आटोपते, प्रश्न विचारला की राजकन्या वाकून बसते आणि पाच वाक्यं बोलते.

तीन-चार वर्षांची मुलं मात्र घाबरतात. टीव्हीवरचा गूफी वीतभर असतो, समोरचा बाबांपेक्षा उंच आणि डोकं हंड्याएवढं. मूल रडायला लागलं तर ढकलू नका, "अरे, एवढे पैसे भरलेत" हे तर अजिबात म्हणू नका. पात्रांना याची सवय असते. ती लांब थांबतात, गुडघ्यावर बसतात, आधी आजोबांशी हस्तांदोलन करतात, आणि मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायला लागलं की हळूच बोट पुढे करतात. रंगीत तालीम हवी असेल तर जाण्याआधी खोपोलीजवळच्या इमॅजिकात एक फेरी मारून मूल वेशातल्या माणसांना कसं सामोरं जातं ते बघून या.

हाँगकाँग किंवा टोकियोला जाणार असाल तर

हाँगकाँग डिस्नेलँड २००५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईहून ते किती तरी जवळ आहे. तिथे डिस्नेलँड हॉटेलातलं 'एन्चांटेड गार्डन' आणि हॉलिवूड हॉटेलातलं 'शेफ मिकी' ही बफेची दोन ठिकाणं बघा. बिलात १० टक्के सेवाशुल्क लावतात, वेगळी टिप देण्याची गरज नसते. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण २०१७ पासून आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते आणि ती प्रत्येकाची वेगळी, तान्ह्या मुलाचीसुद्धा. टोकियोला अ‍ॅम्बॅसडर हॉटेलात 'शेफ मिकी' आहे, आणि जपानमध्ये टिप देण्याची पद्धतच नाही.

बिल

फ्लोरिडात छापील दरावर कर आणि टिप वेगळी. डिस्ने वर्ल्डच्या भागात विक्रीकर ६.५ टक्के. टिप १८ ते २० टक्के देण्याचा रिवाज आहे, आणि सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के टिप बिलात आपोआप धरली जाते. आई-बाबा, आजी-आजोबा, दोन मुलं असे आपण बरेचदा नेमके सहाच असतो. समजा मोठ्यांचा दर ५० आणि मुलांचा ३० डॉलर आहे, तर जेवणाचे २६०, कराचे जवळपास १७, टिपेचे जवळपास ४७, मिळून ३२४ डॉलरच्या घरात. त्यावर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं.

बिलाच्या कागदावर सहीच्या वर टिपेसाठी आणखी एक रिकामी ओळ असते, टिप आधीच धरलेली असली तरीही. वर 'ग्रॅच्युइटी' असा आकडा छापलेला दिसला तर त्या ओळीवर आडवी रेघ मारा, खालच्या बेरजेच्या जागी छापील एकूण रक्कमच लिहा आणि मग सही करा.